दारातील अण्वस्त्रे आणि स्कॉटलंडचे स्वातंत्र्य

स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर समुद्राचे चिंचोळे फाटे डोंगरांच्या कुशीत खोलवर शिरले आहेत. आपण ज्यांना खाड्या म्हणू, त्यांना तिकडे ‘लॉक’ असे नाव आहे. त्यांपैकी गेअर लॉकच्या काठी, ग्लासगो शहरापासून सुमारे 40 किलोमीटरांवर, फासलेनचा नाविक तळ आहे. ट्रायडेंट क्षेपणास्त्रे वाहणाऱ्या ब्रिटनच्या चारही पाणबुड्यांचे हे घर. डोंगरापलीकडे कूलपोर्ट येथे त्या क्षेपणास्त्रांवर बसवावयाचे अणुबाँब साठविलेले असतात. लंडनच्या राज्यकर्त्यांना हे राष्ट्राचे कवच वाटते. स्कॉटलंडमधील स्वातंत्र्यवाद्यांना मात्र ते संमतीवाचून दारात आणून ठेवलेले संकट वाटते.

या विरोधाचा इतिहास जुना आहे. 1961 साली जवळच्याच होली लॉकमध्ये अमेरिकेच्या पोलारिस पाणबुड्यांसाठी तळ उभा राहिला, तेव्हा किनाऱ्यावर निदर्शने झाली, सत्याग्रह झाले. पुढे ब्रिटनने स्वतःच्या पोलारिस पाणबुड्यांसाठी फासलेनची निवड केली. अमेरिकेचा तळ 1992 मध्ये उठला, फासलेनचा राहिला. त्याच्या कुंपणाबाहेर 1982 साली युद्धविरोधकांनी वस्ती केली आणि 2022 साली त्या वस्तीने आपली 40 वर्षे पूर्ण केली.

स्कॉटिश नॅशनल पार्टी या स्वातंत्र्यवादी पक्षाने 1960 नंतरच्या दशकापासून अण्वस्त्रविरोध हा आपल्या धोरणाचा भाग मानला आहे. त्यामागे नैतिक भूमिका आहेच. परंतु खरा प्रश्न अधिकाराचा आहे. 1999 साली एडिंबरो येथे स्कॉटलंडची संसद पुन्हा सुरू झाली, तथापि संरक्षणाचा विषय लंडनकडेच राहिला. 2007 साली या संसदेने ट्रायडेंटच्या नूतनीकरणाविरुद्ध 71 विरुद्ध 16 मतांनी कौल दिला. परंतु त्याला कायद्याचे बळ नव्हते. 2016 साली लंडनच्या संसदेत नव्या पाणबुड्यांचा ठराव 472 विरुद्ध 117 मतांनी संमत झाला, तेव्हा स्कॉटलंडच्या 59 सदस्यांपैकी 58 जणांनी विरोधात मत दिले होते. ज्या भूमीवर शस्त्र ठेवावयाचे तिचे प्रतिनिधी जवळजवळ एकमुखाने ‘नको’ म्हणतात आणि निर्णय मात्र त्याउलट होतो. स्वातंत्र्याच्या मागणीला याहून बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि केवळ नकाराने राज्य चालत नाही. स्वतंत्र झालेल्या लहान देशाचे रक्षण कोणी करावयाचे? 2012 साली पर्थच्या अधिवेशनात पक्षनेत्यांनी सुचविले की, अण्वस्त्रे हलविली जावीत या अटीवर नाटोचे सदस्यत्व स्वीकारावे. नॉर्वे आणि डेन्मार्क हे नाटोचे सभासद असूनही शांततेच्या काळात आपल्या भूमीवर अण्वस्त्रे ठेवू देत नाहीत, हा दाखला समोर होताच. पण ज्या संघटनेची भिस्त अण्वस्त्रांवर आहे, तिच्या छायेत उभे राहून अण्वस्त्रे नाकारावयाची कशी, असा विरोधकांचा प्रश्न होता. ठराव थोडक्या मताधिक्याने संमत झाला आणि स्कॉटलंडच्या संसदेतील दोन सदस्यांनी पक्ष सोडला. दुसरी अडचण पोटापाण्याची. या तळावर हजारो माणसांचा उदरनिर्वाह चालतो. पाणबुड्या गेल्यावर तेथे स्कॉटलंडच्या स्वतःच्या सैन्यदलांचे ठाणे राहील, हे आश्वासन प्रत्येक कामगाराला पुरेसे वाटले नाही.

2013 सालच्या श्वेतपत्रिकेत स्वतंत्र संसदेच्या पहिल्या कार्यकाळातच अण्वस्त्रे हलविण्याचे उद्दिष्ट नमूद झाले. 18 सप्टेंबर 2014 रोजी सार्वमत झाले. 55 टक्के मतदारांनी स्वातंत्र्य नाकारले आणि पाणबुड्या जेथे होत्या तेथेच राहिल्या.

परंतु त्या पराभवाने मूळ प्रश्न निकालात निघाला नाही. आपल्या अंगणात कोणते शस्त्र असावे हे ठरविण्याचा अधिकार मागणे सोपे आहे. तो मिळाल्यावर रक्षणाचा भार, मित्रांची मर्जी आणि कामगारांची भाकरी यांचाही हिशेब त्याच हातांनी मांडावा लागतो. तो हिशेब सत्ता हाती येण्यापूर्वीच, स्वपक्षीयांचा रोष पत्करून, उघडपणे मांडावयास ही चळवळ बसली, यात तिच्या प्रौढपणाची खूण आहे.