खिडकीच्या आतलं ऑफिस
(विहाराच्या वर्धापनदिनी झालेल्या सभेतील भाषण)



मला विषय दिला आहे 'तरुणांचे भवितव्य'. विषय मोठा, माझा आवाका लहान. त्यातला एकच तुकडा मी घेतो. आपली पोरं शिकतात, ट्रेनिंगला एखाद्या ऑफिसात जातात आणि चौथ्या-पाचव्या दिवशी घरी येऊन म्हणतात, "मला तिथं काही कळत नाही, मी उद्यापासून जाणार नाही." आईबाप काय बोलणार? आपण गिरणीत राबलो, बांधकामावर राबलो, दवाखान्यात आया म्हणून राबलो. ऑफिस म्हणजे दाखल्यासाठी खिडकीबाहेर उभे राहिलो तेवढेच. खिडकीच्या आत काय चालते ते घरात कुणी पाहिलेलेच नाही, मग पोराला सांगणार कोण?

ही ट्रेनिंग आता वाढली आहे. नव्या शैक्षणिक धोरणानंतर पदवीच्या अभ्यासक्रमातच चार श्रेयांकांचे कामावरचे प्रशिक्षण आले. शिक्षण संपलेल्यांसाठी राज्य सरकारने २०२४ साली मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना काढली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकावाल्याला ८,०००, पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन ठरले. मुदत सहा महिने, ती २०२५ मध्ये पाच महिन्यांनी वाढवली. त्यात कायम नोकरीची हमी नव्हती. हे मुद्दाम सांगतो, कारण काही घरांत पोरगा साहेब झाला म्हणून पेढे वाटले गेले.

तर पहिल्या आठवड्याचे बोलू. गिरणीत साच्यावर नवा माणूस आला की तो जुन्या विणकराच्या बाजूला उभा राही. तुटलेला तार कसा जोडायचा, ते त्याच्या हाताकडे बघून शिके. गिरणीत काम डोळ्यांना दिसते, कानाला तर फारच ऐकू येते. ऑफिसात माणसे नुसती बसलेली दिसतात. पोराला वाटते, ह्यांना सगळे येते, मलाच काही येत नाही. खरी गोष्ट अशी की तिथले काम माणसात दिसत नाही, कागदात असते. म्हणून कागदाच्या मागे लागा.

कापूस ब्लो रूममध्ये पिंजला जातो, तिथून कार्डिंग, मग रिंग फ्रेमवर सूत, वाइंडिंग, वार्पिंग, सायझिंग, आणि शेवटी साच्यावर कापड. प्रत्येक खात्यात त्याचे रूप बदलते. कागदाचेही तसेच आहे. समजा, नळाला पाणी येत नाही म्हणून एका बाईने अर्ज दिला. तो आधी आवक नोंदवहीत चढतो. त्यावर शिक्का बसतो, क्रमांक पडतो, तारीख पडते. मग साहेब तो एका टेबलाकडे पाठवतात. तिथला कारकून जुनी नस्ती काढतो, नाहीतर नवीन उघडतो. नस्तीत एकीकडे पत्रव्यवहार असतो आणि दुसरीकडे टिपणी. अर्ज काय आला, नियम काय म्हणतो, पुढे काय करावे, हे टिपणीत लिहायचे. ती सह्या घेत वर जाते आणि शेरा घेऊन खाली येते. मग उत्तराचा मसुदा, त्यावर सही, जावक क्रमांक, आणि एक स्थळप्रत नस्तीत राहते. आज यातले बरेच संगणकावर चालते, पण वाट हीच. एका अर्जाचा हा प्रवास सुरुवातीपासून शेवटपर्यंत बघितलात की निम्मे ऑफिस तुमच्या ओळखीचे झाले.

आणखी एक. माहितीच्या अधिकाराचा २००५ चा कायदा आहे, त्याचे कलम ४ वाचा. कार्यालयाचे काम काय, कोणत्या कर्मचाऱ्याचे कर्तव्य काय, निर्णय कोणत्या पद्धतीने होतो, हे प्रत्येक सरकारी कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायचे असते. म्हणजे जे तुम्हाला कुणी सांगत नाही ते लिहून ठेवणे त्यांना बंधनकारक आहे. पहिल्या दिवशी मोबाईल बघत बसण्यापेक्षा ते मागून घ्या.

विचारायला लाजू नका, पण विचारायची रीत आहे. "मला येत नाही" म्हटले की समोरचा वैतागतो, त्याच्या डोक्यावर त्याचे काम असतेच. "आवक क्रमांक टाकलाय, आता कुठल्या टेबलाला देऊ?" असे विचारले की तो दोन शब्द जास्तच सांगतो. झेरॉक्स काढायला लावले तर काढा, काढताना कागद वाचा. पण महिनाभर झेरॉक्स आणि चहाच चालला असेल, तर अधिकाऱ्याला आणि कॉलेजच्या सरांना लेखी द्या, आणि पोच घ्या. रोज काय काम केले ते तारखेसह वहीत लिहा.

आता जड गोष्ट. "आडनाव काय? गाव कुठलं?" हा प्रश्न पहिल्या दिवशी येतो. काही ठिकाणी तो साधा असतो, काही ठिकाणी नसतो. बाबासाहेब १९१७ च्या सप्टेंबरात बडोद्याला गेले, ते अकाउंटंट जनरलच्या कार्यालयात उमेदवार होते. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेला माणूस! शिपाई त्यांच्या टेबलावर लांबून फायली टाकत, हे चरित्रकारांनी नोंदवले आहे. राहायला जागा मिळेना, पारशी धर्मशाळेतून अकराव्या दिवशी काठ्या घेऊन आलेल्या लोकांनी बाहेर काढले. त्यांच्या शिकण्यात काय कमी होते?

म्हणून आईबापांना माझे सांगणे आहे. पोरगी रडत आली तर "तूच कमी पडलीस" असे लगेच म्हणू नका, आणि "सोडून दे" असेही म्हणू नका. आधी नीट विचारा, काम कळत नाही, की माणसं जवळ येऊ देत नाहीत? दुखणी दोन आहेत, औषधं वेगळी आहेत. काम कळत नसेल तर वही आणि चार दिवसांचा धीर पुरतो. दुसरे असेल तर कोण, कधी, काय बोलले, समोर कोण होते, हे त्याच रात्री लिहून ठेवा आणि समितीकडे या. १९८९ चा कायदा आहे, पण तारीख-वार नसला की तक्रार टिकत नाही, हे मी कामगार कोर्टाच्या पायऱ्या झिजवून शिकलो आहे.

रविवारी सकाळी दहा वाजता मी विहाराच्या मागच्या खोलीत बसतो. टिपणीचा, आवक-जावक वहीचा, मसुद्याचा नमुना तिथे ठेवला आहे. ज्यांची ट्रेनिंग सुरू होणार आहे त्यांनी यावे, येताना शंभर पानी वही आणि पेन आणावा. ज्यांनी ट्रेनिंग पुरी केली आहे त्यांनी तर जरूर यावे, कारण गिरणीवाल्याला कळत नाही असे पुष्कळ त्या पोरांना आता कळते.