झीलकऱ्याचा वरचा आवाज

चैत्र लागला की गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि शाहिरांच्या, तमासगिरांच्या फडांना उसंत राहत नाही. फडात गाणारा मुख्य माणूस एक असतो. त्याच्या मागे तुणतुणे आणि झांज घेऊन दोघे-तिघे उभे असतात. शाहिराची ओळ संपत आली की ते ती वरच्यावर झेलतात आणि उंच, बारीक आवाजात लांबवीत नेतात. याला आपण झील धरणे म्हणतो. हे काम करणाऱ्याचे नाव कागदावर छापत नाहीत; पण झील ढिली पडली की पोवाडा बसतो, हे ऐकणाऱ्या कोणालाही कळते.

असाच एक झीलकरी हंगाम संपल्यावर माझ्याकडे आला होता. वर्गात बोलून बोलून माझा स्वतःचा घसा एकदा महिनाभर बसला होता; तेव्हापासून आवाजासंबंधी मिळेल ते वाचण्याची मला सवय लागली आहे आणि ही गोष्ट त्याच्या कानावर गेली होती. तो म्हणाला, "सर, माझा वरचा आवाज गेला. खालचा जागच्या जागी आहे. बोलतोय बघा, कसा खणखणीत! मग वरचाच कसा गेला?" घरचे म्हणत होते, दृष्ट लागली. फडमालक म्हणत होता, मेहनत कमी पडली. मालकाचे ऐकून हा गडी रोज पहाटे मळ्यात जाऊन, शिरा ताणून, तासभर वरचा स्वर लावायचा प्रयत्न करीत होता. पुढच्या हंगामात उभे करतील की नाही, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. म्हणजे पोटाचाच प्रश्न.

हा जो बारीक आवाज, त्याला गवई मंडळी काहीशा नाराजीने खोटा आवाज म्हणतात. इंग्रजीतले फॉल्सेटो हे नावही त्याच अर्थाचे आहे. माझे मत विचाराल तर त्यात खोटे काही नाही. तोच गळा, त्याच दोन पट्ट्या. वाजण्याची तऱ्हा तेवढी निराळी.

कंठमण्याच्या मागे, श्वासनळीच्या तोंडाशी, स्वरयंत्रात दोन मऊ पट्ट्या असतात. पुरुषांत त्यांची लांबी पाऊण इंचाच्या आसपास, स्त्रियांत अर्ध्या इंचाच्या. खालून श्वास येतो आणि त्याच्या जोराने या पट्ट्या एकमेकींवर आपटतात व सुटतात. पुरुष साधे बोलतो तेव्हा हे सेकंदाला शंभर-सव्वाशे वेळा घडते, स्त्री बोलते तेव्हा दोनशेच्या आसपास. पेटीची काळी एक धरून गाणारा पुरुष तार षड्जावर गेला की आकडा पावणेतीनशेवर जातो. झील त्याच्याही वर. आता हिशेब करा, एका रात्रीच्या कार्यक्रमात या दोन इवल्याशा पट्ट्या किती लाख वेळा एकमेकींवर आपटत असतील!

जिवंत माणसाच्या गळ्यातले हे यंत्र नीट पाहून त्याची हकीकत जगाला सांगितली ती कोणा डॉक्टराने नव्हे, तर गाणे शिकवणाऱ्या एका मास्तराने. मॅन्युएल गार्सिया हे त्याचे नाव. 1854 साली पॅरिसमध्ये त्याने दातांच्या वैद्याकडचा लांब दांड्याचा छोटा आरसा आणला, कोमट पाण्यात बुडवून तो घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर ऊन पाडले आणि स्वतःच्याच स्वरपट्ट्या हलताना पाहिल्या. पुढच्या वर्षी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे त्याचे टिपण वाचले गेले. विशेष म्हणजे, तरुणपणी अतिरेकी गायनाने या गृहस्थाचा स्वतःचा आवाज बिघडला होता.

आपल्या झीलकऱ्याच्या प्रश्नाचे उत्तर या पट्ट्यांतच आहे. खालच्या आवाजात पट्टी आखूड, जाड असते आणि सगळीच्या सगळी हलते. बारीक आवाजात एक स्नायू तिला पुढे-मागे ताणून लांब व पातळ करतो, आणि मग तिची केवळ कड थरथरते. ही कड नितळ आणि मऊ असेल तरच तो स्वर लागतो. तिच्यावर जरा सूज आली की काय होते? जाड आवाजात सगळी पट्टीच जोराने हलत असल्यामुळे ती सूज खपून जाते. बारीक आवाजात मात्र दोन कडांमध्ये फट राहते, वारा निसटतो, स्वर फाटतो किंवा लागतच नाही. म्हणून बिघाड पट्टीवर झाला तर पहिली तक्रार वरच्या आवाजाची येते. बोलणे ठणठणीत आहे, याचा अर्थ गळा ठणठणीत आहे असा होत नाही.

पडसे झाल्यावर तर याची फसवणूक अधिकच होते. सुजेने पट्ट्या जड होतात, खर्जातले स्वर एकदम भरदार लागतात, आणि गाणारा खूश होऊन म्हणतो, "आज आवाज काय भरलाय!" त्याच दिवशी गळा सर्वांत नाजूक असतो.

कुदळ धरणाऱ्याच्या हाताला आधी फोड येतो, मग घट्टा पडतो. पट्ट्यांचेही तसेच. जिथे मार सर्वांत जास्त, तिथे, म्हणजे पुढच्या बाजूने साधारण एक-तृतीयांश अंतरावर, दोन्हीकडे समोरासमोर बारीक गाठी धरतात. गवयांत, कीर्तनकारांत त्या आढळतात, तशाच शाळामास्तरांतही. शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, हे आपल्यासाठी सांगतो आहे. साठ मुलांच्या गोंगाटावर आवाज चढवणे हे झील धरण्याइतकेच कष्टाचे काम आहे, आणि ते आपण वर्षातून दोन महिने नव्हे, रोज पाच तास करता. टेबलावर छडी आपटा, टाळी वाजवा, घंटा ठेवा. पण गोंगाटावर ओरडू नका. फळ्याकडे तोंड करून मोठ्याने बोलण्यापेक्षा आधी लिहा, मग वळून बोला.

आणखी एक विनंती. तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचा आवाज फुटू लागतो तेव्हा त्याचे स्वरयंत्र वाढत असते. कालपर्यंत पाखरासारखा गाणारा पोरगा आज मध्येच चिरकतो, आणि संमेलन जवळ आलेले असते. अशा वेळी त्याला जुन्याच उंच पट्टीत ताणायला लावू नये. त्याला खालची पट्टी द्यावी, वर्गापुढे हसू नये. काही महिन्यांत आवाज आपोआप स्थिरावतो.

वरचा आवाज जाण्याची दुसरीही कारणे आहेत. रात्री दोनला कार्यक्रम संपवून तिखट रस्सा-भाकरी खायची आणि लगेच आडवे व्हायचे, हा फडाचा रिवाज. त्याने पोटातले आम्ल वर चढते आणि पट्ट्यांना झोंबते. विडी, तंबाखू आणि दारू यांबद्दल काय सांगावे, आपण जाणताच. वय वाढले की पट्ट्यांचा लवचिकपणा कमी होतो, त्याला इलाज थोडा. नुसत्या खर्जाचा आणि खुल्या, जोरकस आवाजाचाच रियाज वर्षानुवर्षे केला तर ताणणारा स्नायू सवय विसरतो. वापरात नसलेले पाते गंजते तसे. गळ्यातील थायरॉइड ग्रंथीची शस्त्रक्रिया व्हायची असेल तर आपण गातो हे डॉक्टरांना आधीच सांगावे. त्या ताणणाऱ्या स्नायूची नस ग्रंथीला लागूनच जाते. आणि गाता गाता, ओरडता ओरडता आवाज एकदम बसला, तर पट्टीतली बारीक रक्तवाहिनी फुटलेली असू शकते. तिथेच थांबावे. त्या रात्रीचा कार्यक्रम गेला तरी चालेल.

आता राखावा कसा? खडीसाखर, ज्येष्ठमध, लवंग यांची मी चेष्टा करणार नाही. घशाला बरे वाटते. पण गिळलेली वस्तू अन्ननलिकेत जाते, स्वरपट्ट्यांवरून जात नाही. तिथे गेली तर ठसका लागेल! पाणीसुद्धा आधी अंगात भिनते आणि मग पट्ट्यांना ओलावा मिळतो. म्हणून रंगमंचावर चढताना तांब्याभर पाणी पिण्यापेक्षा दिवसभर थोडे थोडे प्यावे. साध्या पाण्याची वाफ मात्र थेट पोहोचते. सारखे खाकरू नये. खाकरणे म्हणजे पट्ट्या एकमेकींवर घासणेच. आवाज बसल्यावर कुजबुजून बोलण्याची पद्धत आहे. जोर लावून केलेल्या कुजबुजीने घसा ताणतोच, त्यापेक्षा गप्प बसलेले बरे.

रसवंतीगृहात मिळते तशी एक नळी घ्यावी, पेल्यातल्या पाण्यात इंचभर बुडवावी आणि तिच्यातून हळू फुंकत 'ऊ' असा स्वर खालून वर, वरून खाली न्यावा. बुडबुडे निघतात, पोरे हसतात, हसू द्यावीत. यात पट्ट्या हलक्या हाताने हलतात, मार बसत नाही. जोराच्या गाण्याआधी आणि नंतरही पाच मिनिटे हे करावे.

झीलकऱ्याला मी पहाटेचे ओरडणे त्याच दिवशी बंद करायला सांगितले. घोगरेपणा किंवा आवाजातला बिघाड तीन आठवडे टिकला तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना दाखवलेच पाहिजे. विडी-तंबाखूवाल्याने तर विशेष, कारण स्वरयंत्राच्या कर्करोगाची सुरुवातही अशीच साधी असू शकते. तो जिल्ह्याच्या गावी जाऊन आला. दोन कोवळ्या गाठी निघाल्या. शस्त्रक्रिया लागली नाही. गाठी कोवळ्या असल्या की विश्रांतीने आणि आवाज वापरण्याची रीत बदलल्याने पुष्कळदा विरतात. तीन महिने तो फडात नुसते तुणतुणे वाजवीत उभा राहिला. मालक कुरकुरला, पण ठेवून घेतले.

हल्ली तो रोज सकाळी उठल्यावर एक ओळ वरच्या पट्टीत अगदी हळू म्हणून पाहतो. शेजारच्या खोलीत पोर निजले असेल तर जागे होऊ नये इतकी हळू. मोठ्याने म्हटली तर सूज झाकली जाते. ओळ नितळ निघाली तर रात्री झील धरायची. अडली, वारा निसटला, तर त्या दिवशी दुसऱ्याने धरायची. यंदा फडात त्यासाठी एक नवा पोरगा घेतला आहे आणि झीलकऱ्यांपुढे वेगळा माईक लावला आहे, असे परवा बाजारात भेटला तेव्हा सांगत होता. पोऱ्याला पहिल्या दिवशी त्याने पाण्याचा पेला आणि नळी हातात दिली म्हणे.