संगणकजालाची विद्या आणि आपले विद्यार्थी

(मंडळाच्या वार्षिक गुणगौरव समारंभात केलेले भाषण)



आज ज्यांचा गौरव झाला त्या मुलामुलींचे प्रथम मनःपूर्वक अभिनंदन करतो. त्यांच्यापैकी पुष्कळजण संगणकाच्या शिक्षणाकडे, आणि त्यातही ज्यास नेटवर्किंग म्हणतात त्या संगणकजालाच्या विद्येकडे वळत आहेत. या शिक्षणाविषयी काही विचार आपणापुढे मांडावेत असे आम्ही योजिले आहे. विषय तांत्रिक खरा. परंतु त्यात पालकांचा पैसा, मुलांची उमेदीची वर्षे आणि मंडळाचा शिक्षणनिधी गुंतलेला असल्यामुळे तो केवळ तज्ज्ञांवर सोपवून चालावयाचे नाही.

ही विद्या आहे तरी कशाची, हे आधी पाहू. एका कचेरीतील दहावीस संगणकांच्या तारा ज्या पेटीत एकत्र येतात तिला स्विच म्हणतात. अशी दोन निरनिराळी जाळी जोडणारे जे यंत्र, ते राउटर. मुंबईच्या टपालघरात पत्रे निवडणाऱ्यास सोलापुरातील प्रत्येक घर ठाऊक नसते. सोलापूरची थैली कोणत्या गाडीत टाकावयाची एवढेच त्यास माहीत असावे लागते. राउटरचे कामही याच जातीचे आहे. आलेल्या पॅकेटवरील पत्ता पाहावा, आपल्या तक्त्यात त्या बाजूची वाट शोधावी आणि ते पुढे धाडावे. वाट सापडली नाही तर राउटर ते पॅकेट टाकून देतो.

हे पत्ते आकड्यांचे असतात. १९८१ साली निश्चित झालेल्या आणि आजही सर्वत्र चालू असलेल्या पद्धतीत सुमारे ४२९ कोटी पत्ते बसतात. एवढे पत्ते साऱ्या जगाला पुरणार नाहीत हे पुढे ध्यानात आले, तेव्हा काही पत्ते खाजगी वापरासाठी राखून ठेवल्याचे जाहीर झाले. आपल्या घरातील यंत्रावर १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता दिसतो आणि शेजाऱ्याच्या घरीही तोच दिसतो, याचे कारण हेच होय.

आता प्रयोगशाळेत काय शिकावयाचे असते ते पाहू. प्रारंभ हातापासून होतो. केबलच्या आत आठ बारीक तारा असतात. त्या ठरलेल्या रंगक्रमाने लावून टोकाला कनेक्टर दाबून बसवावा लागतो. आणि एका सलग तारेची लांबी शंभर मीटरपलीकडे नेऊ नये, असा दंडक आहे. त्यानंतर राउटरला आज्ञा द्यावयाच्या. सिस्कोच्या राउटरची पोर्टे मुळात बंद असतात. पत्ता दिला तरी 'नो शटडाउन' ही आज्ञा दिल्यावाचून ती उघडत नाहीत. दिलेल्या सर्व आज्ञा प्रथम चालू स्मृतीत राहतात. त्या जतन केल्या नाहीत तर वीज जाताच तासाभराचे श्रम पुसले जातात. या गोष्टी पुस्तकात एका ओळीत येतात. पण एकदा वीज जाऊन काम बुडाले म्हणजे जतन करण्याची सवय जन्मभर टिकते.

अभ्यासाचा एक साधा प्रयोग सांगतो. दोन बाके, दोन राउटर, दोन विद्यार्थी. पहिल्या बाकाचे जाळे १९२.१६८.१०, दुसऱ्याचे १९२.१६८.२०, आणि दोन राउटरांमध्ये एक जोडणी. पहिल्या विद्यार्थ्याने आपल्या राउटरला दुसऱ्या जाळ्याची वाट सांगितली आणि समोरच्या संगणकाला 'पिंग' केले. पिंग म्हणजे हाक मारून उत्तराची वाट पाहणे. १९८३ साली माइक मूस या अमेरिकन संशोधकाने लिहिलेला हा लहानसा प्रोग्राम आजही या धंद्यातले पहिले हत्यार आहे. पण उत्तर येईना. तारा ठीक, दिवे लागलेले, पत्ते अचूक. गंमत अशी, की संगणकावरून हाक मारली तर उत्तर नाही, आणि खुद्द राउटरवरून मारली तर उत्तर येते!

दोष कोठे असेल? हाक पोहोचली होती, समोरच्या संगणकाने उत्तरही दिले होते. परंतु दुसऱ्या राउटरला पहिल्या जाळ्याकडे जाणारी वाट कोणी सांगितलेलीच नव्हती. म्हणून उत्तर तेथेच टाकून दिले गेले. राउटरने स्वतः मारलेली हाक मात्र दोघांमधल्या जोडणीच्या पत्त्यावरून गेली होती, आणि ती जोडणी दुसऱ्या राउटरला ठाऊक असल्यामुळे उत्तर बिनचूक परत आले. जाण्याची वाट वेगळी सांगावी लागते, परतीची वेगळी. हे तत्त्व पाठ करावयास एक क्षण लागतो. परंतु दोष हुडकताना आधी तार, मग पोर्ट, मग आपला राउटर, मग पलीकडचा राउटर, मग दोन्हीकडचे तक्ते, असे एकेक पाऊल न चुकता टाकण्याची शिस्त पुष्कळ संध्याकाळी खर्ची घातल्यावाचून अंगी बाणत नाही.

आणि येथेच आमच्या चिंतेचा विषय येतो. सिस्को कंपनीने १९९८ साली सुरू केलेली सीसीएनए ही परीक्षा या क्षेत्राचा उंबरठा समजली जाते. परीक्षा चांगली आहे. परंतु जेथे परीक्षा तेथे तयार प्रश्नोत्तरांचा बाजार भरतोच. पालक कर्ज काढून शुल्क भरतात, मुलगा प्रश्नोत्तरे घोकून प्रमाणपत्र आणतो, आणि मुलाखतीत समोर दोन राउटर ठेवले म्हणजे त्याचा हात थबकतो. मग दोष नशिबाला, नाहीतर वशिल्याला दिला जातो. वस्तुतः उणीव असते ती सरावाची. ज्या कामाने इस्पितळाचे, बँकेचे, रेल्वेचे व्यवहार चालतात, तेथे अर्धवट ज्ञान घेऊन जाणे हे त्या मुलाच्या हिताचे नाही आणि समाजाच्याही नाही.

म्हणून मंडळापुढे आमची एक नम्र सूचना आहे. शिष्यवृत्तीची रक्कम वाटण्याबरोबरच आपल्या वसतिगृहातील एक खोली या सरावासाठी द्यावी. फार खर्च नाही. दोन-तीन वापरलेले राउटर, दोन स्विच, चार जुने संगणक, केबलचे वेटोळे आणि कनेक्टर बसविण्याचे हत्यार एवढ्यावर प्रारंभ होईल. मुंबईच्या लॅमिंग्टन रस्त्यावर शोध केल्यास हे सामान मिळते. तोपर्यंत सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत नाव नोंदवून पॅकेट ट्रेसर हा प्रोग्राम विनामूल्य घेता येतो आणि संगणकाच्या पडद्यावरच राउटर जोडता येतात. मात्र पडद्यावरची केबल कधी सैल होत नाही. म्हणून खऱ्या तारेला पर्याय नाही. खोलीची वेळ मुलींनाही निर्वेध येता येईल अशी असावी.

आणखी एक गोष्ट स्पष्ट बोलतो. वडीलधाऱ्यांनी राग मानू नये. ही खोली केवळ आपल्या ज्ञातीच्या विद्यार्थ्यांपुरती राखू नये. निधी ज्ञातिबांधवांच्या देणग्यांतून उभा राहिला आहे, तेव्हा लाभ आपल्याच मुलांस व्हावा, या म्हणण्यातील आपुलकी आम्ही जाणतो. परंतु ही विद्या एकट्याने शिकता येत नाही. समोरच्या बाकावर कोणी बसलेले असावे लागते आणि त्यानेही आपली बाजू नीट जुळवावी लागते. आपली चार मुले आणि वस्तीतील आणखी चार मुले एकत्र बसली तर आपल्या मुलांचा सराव दुप्पट होईल. निधीचा एक पैसाही वाया गेला असे होणार नाही. शिवाय उद्या नोकरीत तारेच्या दुसऱ्या टोकाला कोण असावे, हे ज्ञाती पाहून ठरत नाही. तेथे ज्याच्याशी काम पडेल त्याच्याशी मिळून काम करण्याची सवय येथेच लागली तर बरे.

विद्यार्थिमित्रहो, प्रमाणपत्र अवश्य मिळवा. पण त्याआधी निदान शंभर वेळा जोडणी मोडा, पुन्हा जुळवा आणि का मोडली ते वहीत टिपून ठेवा. आणि पालकांनो, मुलाने घरात तारा पसरून ठेवल्या तर त्यास रागावण्यापूर्वी तो काय जुळवीत आहे ते एकवार विचारा. आमच्या सूचनेचा कार्यकारी मंडळाने विचार करावा अशी विनंती आहे.