धीराचे भांडवल
(ट्रस्टच्या महोत्सवी समारंभात केलेले भाषण)



भालकी-हुमनाबादकडे ऊस तुटला की शेतातले पाचट पेटविले जाते. आळंद-कलबुर्गीकडे तुराट्या चुलीत जातात. जळते ती शक्तीच. ती नीट कामी कशी आणावी, यावर आयुष्य वेचणारी माणसे आहेत.

पुण्याचे डॉ. आनंद कर्वे हे महर्षी कर्व्यांचे नातू, मूळचे वनस्पतिशास्त्रज्ञ. फलटणला त्यांनी करडईवर काम केले, म्हणजे आपल्याच रानातल्या पिकावर. १९९६ साली त्यांनी ‘आरती’ ही संस्था काढली. तेथे पाचटाचा कोळसा करण्याची भट्टी तयार झाली. पिंपांत पाचट ठासून भरावयाचे आणि आत हवा लागू न देता बाहेरून तापवावयाचे. मग पाचटातून निघणारा वायूच भट्टीला जाळ पुरवितो. उरलेला कोळसा दळून, खळीत कालवून, त्याच्या कांड्या पाडावयाच्या. या कामास २००२ साली लंडनचे अ‍ॅशडेन पारितोषिक मिळाले, आणि खरकट्यावर चालणाऱ्या घरगुती गॅसयंत्रास २००६ साली पुन्हा मिळाले. त्यांच्या कन्या डॉ. प्रियदर्शिनी कर्वे या पदार्थविज्ञानाच्या. कोळशाच्या कामात त्या होत्याच. पुढे ‘समुचित एन्व्हायरो टेक’ ही कंपनी काढून त्या संशोधनाकडून व्यवसायाकडे वळल्या.

ही वाट लांब असते. बँक तारण मागते, आणि संशोधकापाशी तारण म्हणून प्रयोगाची वही तेवढी असते. अशा वेळी जो पैसा लागतो त्यास साहस-भांडवल म्हणतात. पुण्यात १९५५ साली जन्मलेले विनोद खोसला यांनी २००४ साली अमेरिकेत अशी पेढी काढली. तिने पैसा घातलेली, लाकडापासून तेल करणारी ‘किऑर’ कंपनी २०१४ साली दिवाळखोरीत निघाली. पेढी मात्र टिकली, कारण पैसा एकाच वाफ्यात पेरलेला नव्हता. कोणती वही खरी आणि कोणती नुसती बोलकी, हे ओळखण्यास अशा पेढ्यांना ऊर्जेचा अभ्यास केलेला माणूसच लागतो. हवामान व ऊर्जा शिकणाऱ्या मुलांस हाही एक पेशा आहे. आपल्या केंद्र सरकारनेही २०२५ साली संशोधन व नवनिर्मितीसाठी एक लाख कोटी रुपयांची योजना मंजूर केली.

आम्हां मुसलमानांस यात नवल वाटू नये. मुजारबत ही आमची जुनी रीत: एकाचा पैसा, दुसऱ्याची मेहनत, नफा ठरल्या वाट्याने. तोटा आला तर पैसेवाल्याचा पैसा जातो, मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. त्याच्या दारात वसुलीस कोणी उभे राहत नाही.

आमच्या वर्गातला हुशार मुलगा बी.एस्सी. झाला की घर विचारते, नोकरी कधी? घराचे काही चुकत नाही. घरावर कर्ज असते. मुलीच्या बाबतीत तर तेवढेही विचारीत नाहीत. म्हणून विश्वस्तांपुढे आम्ही एक मागणे ठेवतो. शिष्यवृत्त्यांपैकी एक तरी पाच वर्षांची असावी, संशोधन करणाऱ्या मुलास किंवा मुलीस द्यावी, आणि त्या काळात परतफेडीची गोष्ट काढू नये. पुण्यास राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारात २००७ साली निघालेले व्हेंचर सेंटर आहे. विज्ञानावर धंदा उभारू पाहणाऱ्यांस ते हात देते. तेथे जाण्यायेण्याचे भाडेही यातूनच मिळावे.

पैसे बुडाले तर, असे कोणी विचारील. बुडू शकतात. म्हणून विधवांच्या आणि रुग्णांच्या मदतीतला एक रुपयाही यास लावू नये. सभासदांनी स्वखुशीने वेगळा निधी जमवावा. आमची वर्गणी आज चिटणिसांकडे दिली आहे.