काळ्या दगडातली भोकं



आपल्या देवगाव फाट्याच्या शिवारात विहीर खोदली, की माती-मुरुमाखाली काळा दगड लागतो. वर काढलेला दगड नीट बघा. एक असतो घट्ट, घण मारला तरी दाद न देणारा. दुसऱ्याला अनारशासारखी बारीक भोकं. खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. ही भोकं वायूच्या बुडबुड्यांची आहेत.

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबलचक भेगा पडल्या आणि तापलेला शिलारस बाहेर येऊन थरावर थर पसरला. या रसात पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, गंधकाचा वायू विरघळलेले असतात. खोल जमिनीत दाबामुळं ते गप्प राहतात. रस वर आला, दाब उतरला, की बुडबुडे सुटतात. सोड्याची बाटली उघडल्यावर होतं तसंच.

मग आपल्याकडं डोंगर फुटून का उडाले नाहीत? चुलीकडं बघा. पातळ आमटीतली वाफ सहज निघून जाते. घट्ट पिठल्यात ती अडकते, मग रटरटून हातावर चटका देते. आपला रस पातळ होता, म्हणून बहुतेक वेळा वाहिला. फिलिपिन्समधल्या पिनातुबोचा रस घट्ट अन् वायूनं भरलेला. १९९१ साली त्या डोंगराचा माथाच उडाला, राख सुमारे ३५ किलोमीटर उंच गेली.

आता आपल्या कामाचं. थर निवताना बुडबुडे वर चढले आणि घट्ट होत आलेल्या सायीखाली अडकले. म्हणून थराचा माथा भोकाचा, मधला भाग ठोस. ठोस दगडात पाणी असलं तर भेगांतच. मांजऱ्या झिजलेला, भोकं एकमेकांना जोडलेली असतील तर त्यात पाणी साठतं. पण भोकं पांढऱ्या खनिजानं बुजलेली असली, तर मांजऱ्याही कोरडा निघतो.

गटात बोअरसाठी कर्ज मागणाऱ्या ताईला मी आधी हेच विचारते, शेजारच्या विहिरीत मांजऱ्या किती फुटांवर आहे? हातावर नारळ उभा राहिला, हे उत्तर मला पुरत नाही. बोअर कोरडी गेली तरी हप्ता चुकत नाही, बाई! उन्हाळ्यात पाणी उतरलं की विहिरीचे थर उघडे पडतात. तेव्हा दोरीनं मोजून वहीत लिहा, आणि ती वही घेऊन परभणीला भूजल सर्वेक्षणाच्या कार्यालयात जा.