उन्हाचा विमा आणि संघटनेचे बळ



आम्ही शाळेत थोडे आणि जिनाच्या फाटकाशी पुष्कळ शिकलेली माणसे. आम्ही हवामानावर बोलावे, याचे कोणाला नवल वाटेल. पण वऱ्हाडच्या उन्हाची ओळख पुस्तकातून करून घ्यावी लागत नाही. 2024 च्या मे महिन्यात अकोल्याचा पारा 45 अंशांवर गेला आणि जिल्हाधिकाऱ्यांनी 25 तारखेला 144 कलम लावले. ज्या कलमाने आमच्या सभा बंद होत, तेच या वेळी कामगाराला पाणी आणि पंखा मिळावा म्हणून लागले!

हा पारा चढवणारा धूर साऱ्या जगाच्या धुराड्यांतला. एकटे अकोला त्याला काय करणार? सरकारे वाटाघाटी करीत बसतात, म्हणून देशोदेशींच्या संस्था, कंपन्या आणि संघटना आपसांत हात मिळवून कामे काढतात. त्यांचा उपयोग किती? दोन दाखले पाहू.

पहिला सेंद्रिय कापसाचा. रासायनिक खत टाळले म्हणजे हवा तापवणारे वायू कमी निघतात. अशा कापसाला परदेशी संस्थांच्या नियमांनुसार दाखला मिळतो. 2020 साली ‘गॉट्स’ या संस्थेलाच आढळले की, सुमारे 20 हजार टन भारतीय कापसाचे दाखले बनावट आहेत. चोरी पकडली, हे चांगलेच झाले. पण गाठीबरोबर कागद जातो. बांधावर काय घडले ते कागदाला कोण विचारणार?

दुसरा दाखला ‘सेवा’चा. इलाबेन भट्ट यांनी 1972 साली अहमदाबादेत उभारलेली ही कष्टकरी स्त्रियांची युनियन. परदेशी संस्थेच्या मदतीने तिने 2023 साली गुजरातेतील 21 हजार स्त्रियांचा उन्हाचा विमा उतरवला. पाऱ्याची अट इतकी वर ठेवली होती की, त्या वर्षी भरपाई मिळालीच नाही. पुढच्या वर्षी योजना सुधारली. पारा 40 अंशांवर गेला की 400 रुपये रोख, आणि त्याहून वर गेला की विमा. महाराष्ट्र, राजस्थान आणि गुजरात मिळून 50 हजार स्त्रिया त्यात आल्या आणि सुमारे 46 हजारांना विम्याचे पैसे मिळाले.

कोणी म्हणेल, 400 रुपयांनी ऊन उतरले काय? नाही उतरले. धूर कमी करण्याचे काम सरकारांचे आणि कारखानदारांचेच आहे. विमा त्याची जागा घेणार नाही. पण एक दुपार घरी बसले तरी चूल पेटते, ही गोष्ट लहान नव्हे. पैशाचा हात बाहेरून आला. दारोदार नावे नोंदणारी माणसे मात्र युनियनची होती. संघटना नसेल तेथे परदेशची मदत कागदावरच राहते.

म्हणून आमचे मागणे थोडके. येथे अडते आहेत, जिनवाले आहेत, ठेकेदार आहेत. उन्हाळ्यात दुपारी 12 ते 4 हमालाच्या पाठीवर पोते देऊ नका आणि त्या वेळेची मजुरी कापू नका. एवढे करायला परदेशातून कोणाच्या मंजुरीची वाट पाहावी लागत नाही.