दर दारावर दिसू दे : स्वागताध्यक्षीय भाषण

परिषदेचे सन्माननीय अध्यक्ष, उद्घाटक, निमंत्रित वक्ते, वेगवेगळ्या जिल्ह्यांतून आलेले रुग्णहक्क कार्यकर्ते, डॉक्टर, औषधविक्रेते आणि वकील मंडळी, आशाताई आणि माझ्या गावच्या बंधू-भगिनींनो,

गडमुडशिंगी ग्रामस्थांच्या आणि स्वागत समितीच्या वतीनं तुम्हा सर्वांचं मनापासून स्वागत.

करवीर तालुक्यातलं हे आमचं गाव. एका अंगाला विमानतळ, दुसऱ्या अंगाला गांधीनगरची कापडपेठ, पलीकडं गोकुळ शिरगावची औद्योगिक वसाहत. विमानतळाच्या विस्तारासाठी इथल्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. कोल्हापूर शहराच्या हद्दवाढीवर गावात दोन मतं आहेत आणि दोन्ही मतांची माणसं आज याच मांडवात शेजारी-शेजारी बसली आहेत, म्हणून तो विषय मी काढत नाही. पण आजारपण हद्द विचारत नाही. मोठं दुखणं आलं की आम्ही कोल्हापुरातल्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात जातो, नाहीतर तिथल्याच खासगी दवाखान्यात, आणि तिथंही भागलं नाही तर मिरज गाठतो. डॉ. वानलेस यांनी 1894 मध्ये मिरजेत रुग्णालय उभं केलं, तेव्हापासून ते गाव या भागातल्या रुग्णांचा आधार झालं आहे.

मी डॉक्टर नाही, कायद्याचा पंडितही नाही. गावच्या विकास सेवा सोसायटीत सचिव म्हणून माझी नोकरी झाली. पीककर्ज उचलायला आलेल्या माणसाला खत कधी आणणार म्हणून विचारलं, की उत्तर यायचं, “खताचं मागनं बघूया, आदी आईला दवाखान्यातनं सोडवून आणायचीया.” आमच्या खतावणीत ते कर्ज उसाच्या नावावर पडायचं आणि पैसा मात्र दवाखान्यात जायचा. बिल किती होणार, हे त्या माणसाला घरातून निघताना ठाऊक नसायचं. भरती करताना नसायचं आणि सोडायच्या आदल्या रात्रीपर्यंतही नसायचं. म्हणूनच दवाखान्याच्या दराचा विषय एखाद्या शहरी सभागृहाइतकाच आमच्या मांडवाचाही आहे.

आता शेजारच्या गांधीनगरकडं बघा. लग्नाचा बस्ता बांधायला माणसं कोकणातून, गोव्यातून, कर्नाटकातून येतात. चार दुकानं चढतात, भाव काढतात, पटलं नाही तर खाली उतरतात. शेजारचा काय भावानं देतो हे गिऱ्हाइकाला कळतं, म्हणून दुकानदारालाही हात आखडून भाव लावावा लागतो. दवाखानेही एकाच रस्त्यावर ओळीनं उभे असतात, पण तिथं ही चढाओढ लागत नाही. का? कारण भाव दिसत नाही. दिसला तरी दोघांचा ताडून बघता येत नाही. आणि छातीत कळ आलेला माणूस चार जिने चढून भाव काढू शकत नाही. माझं आजचं सगळं म्हणणं या तीन कारणांत आहे, आणि कायदा करायचा तर तिन्हींवर इलाज हवा.

पहिलं, भाव दिसण्याचं. याबाबत महाराष्ट्राची पाटी कोरी नाही. खासगी दवाखान्यांच्या नोंदणीचा आपला कायदा 1949 चा. त्याखाली 14 जानेवारी 2021 ला नवे नियम आले. दरफलक दर्शनी जागी लावायचा, त्यावर भरतीचं शुल्क, खाटेचा आणि अतिदक्षता विभागाचा रोजचा दर, डॉक्टरांची भेट, शस्त्रक्रियागृह, भूल, शुश्रूषा, ऑक्सिजन, तपासण्या अशा 15 बाबी लिहायच्या. रुग्णहक्कांची सनद लावायची, तक्रार ऐकून घेण्याची सोय ठेवायची. बिल थकलं म्हणून रुग्णाला अडवून ठेवणं बेकायदा आहे, हे मुंबई उच्च न्यायालयानंही स्पष्ट केलेलं आहे. नियम चांगला आहे. पण आज इथं बसलेल्यांपैकी किती जणांनी असा फलक वाचून भरतीच्या कागदावर सही केली, हे मी हात वर करायला लावून विचारत नाही. उत्तर तुमच्या चेहऱ्यांवर दिसतंय.

दर बांधता येतो का, तो पाळला जातो का, याची परीक्षा करोनात झाली. मे 2020 मध्ये सरकारनं खासगी रुग्णालयांतल्या 80 टक्के खाटांचे दर बांधले. साध्या खाटेला दिवसाला 4,000 रुपये, अतिदक्षता विभागात 7,500 आणि व्हेंटिलेटरसह 9,000. जून 2021 मध्ये शहरांचे तीन गट पाडले आणि लहान गावांसाठी हेच दर 2,400, 4,500 आणि 5,400 केले. बिलं तपासायला लेखापरीक्षक बसवले. ज्या आरटीपीसीआर चाचणीची कमाल किंमत 2020 च्या मार्चमध्ये 4,500 रुपये होती, ती वर्षभरात 500 वर आली. तक्रारी तेव्हाही झाल्या, पण बिल हातात घेऊन सरकारी दर दाखवत भांडता येतं, हे सामान्य माणसाला पहिल्यांदा कळलं.

मात्र हे सगळं साथरोग आणि आपत्तीच्या कायद्यांच्या बळावर होतं. करोना नसलेल्या रुग्णांचेही दर सरकारनं बांधले, ते ऑक्टोबर 2020 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं टिकू दिले नाहीत. तो अधिकार सरकारकडं नाही, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे साथ संपली की आधारही संपला. कायम टिकणारं काही हवं असेल तर ते विधिमंडळातूनच यायला हवं.

इतरांनी काय केलं? केंद्राचा 2010 चा वैद्यकीय आस्थापना कायदा आहे. त्याच्या 2012 च्या नियमांत दर लावणं आणि सरकारनं ठरवलेल्या मर्यादेत आकारणी करणं, दोन्ही लिहिलेलं आहे. ती मर्यादा वर्षानुवर्षं ठरलीच नाही, म्हणून फेब्रुवारी 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाला केंद्राचे कान उपटावे लागले. महाराष्ट्रानं तो कायदा स्वीकारलेला नाही. शेजारच्या कर्नाटकाचा स्वतःचा कायदा 2007 पासून आहे. 2017 मध्ये तो कडक करायला घेतला, तेव्हा डॉक्टर संपावर गेले आणि सरकारला बरंच नमतं घ्यावं लागलं. पश्चिम बंगालनं त्याच वर्षी नवा कायदा करून तक्रारी ऐकायला स्वतंत्र आयोगच नेमला.

दुसरं कारण, दर ताडून बघता येत नाही. एकाच्या फलकावर खाट स्वस्त, पण हातमोजे, सिरिंज, सुया यांची यादी दोन पानी. फेब्रुवारी 2017 मध्ये केंद्रानं हृदयातल्या औषधी स्टेंटची कमाल किंमत 29,600 रुपये केली, त्याच ऑगस्टमध्ये गुडघ्याच्या सांध्याचे दर बांधले. हजारो घरांचं भलं झालं. पण बिल हे अनेक खणांचं कपाट आहे. 2018 मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणानं दिल्ली परिसरातल्या चार खासगी रुग्णालयांची बिलं तपासली, तेव्हा काही साहित्यावरचा नफा 1,737 टक्क्यांपर्यंत निघाला आणि बिलाचा सुमारे 46 टक्के हिस्सा औषधं, साहित्य आणि तपासण्यांचाच असल्याचं दिसलं. रुग्णालयातल्याच दुकानातून औषधं घ्यायच्या सक्तीचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढं गेला. मार्च 2025 मध्ये न्यायालयानं धोरण ठरवायचं काम राज्यांवर सोपवलं. म्हणजे चेंडू पुन्हा मुंबईच्याच अंगणात आला.

आधी दर सांगणं अशक्य आहे, असं कुणी म्हणालं तर महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेकडं बोट दाखवा. त्यात हजारावर उपचार आहेत आणि प्रत्येकाचा दर आधी ठरलेला आहे. ते दर परवडत नाहीत आणि पैसे वेळेवर मिळत नाहीत, ही डॉक्टरांची तक्रार आहे. त्यावर सरकारनं त्यांच्याशी बसून हिशोब करावा. पण उपचाराला आगाऊ दर सांगता येतो, हे त्या योजनेनं सिद्ध केलं आहे.

चढाओढ मारणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कट प्रॅक्टिस. रुग्ण कुणाकडं पाठवायचा हे गुणावर न ठरता टक्क्यावर ठरलं, की चांगला आणि स्वस्त डॉक्टर मागं पडतो. महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी आपल्याला आलेला अशा कमिशनचा धनादेश परत करून थेट वैद्यकीय परिषदेकडं तक्रार केली होती. 2017 मध्ये माजी पोलीस महासंचालक प्रवीण दीक्षित यांच्या समितीनं कट प्रॅक्टिसविरोधी कायद्याचा मसुदा दिला. त्याचा कायदा झाला नाही. तो मसुदा पुन्हा टेबलावर आणायची मागणी इथल्या प्रामाणिक डॉक्टरांनीच करावी, कारण सर्वांत जास्त नुकसान त्यांचं होतं.

तिसरं, ज्याला निवडच करता येत नाही तो रुग्ण. अपघात, हृदयविकार, सर्पदंश, अडलेलं बाळंतपण. इथं दरफलकाचा उपयोग नाही आणि बाजारावर सोडूनही चालत नाही. अशा उपचारांना कायद्यानंच मर्यादा हवी. धर्मादाय रुग्णालयांपुरती एक वाट आपल्याकडं आधीच आहे. 2006 च्या उच्च न्यायालयाच्या योजनेप्रमाणं 10 टक्के खाटा निर्धनांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या असतात. ही गोष्ट गावागावांत माहीत व्हायला हवी.

नियम पाळायला कसं लावायचं, यासाठी परदेशाकडंही बघू. आपली पोरं अमेरिकेत आहेत, तीही दवाखान्याच्या बिलाला भिऊन राहतात. तिथं न्यू हॅम्पशायर राज्यानं 2007 मध्येच दर ताडून बघायची सोय इंटरनेटवर केली. 1 जानेवारी 2021 पासून देशभरातल्या रुग्णालयांना दर जाहीर करणं बंधनकारक झालं, तरी अनेकांनी टाळाटाळ केली. मग कोलोरॅडो राज्यानं 2022 मध्ये नेमका दुखता भाग पकडला : दर जाहीर करायचा नियम जे रुग्णालय पाळत नाही, त्याला त्या काळातल्या थकबाकीसाठी रुग्णामागं लागता येणार नाही. तपासायला येणाऱ्या अधिकाऱ्याची वाट बघायला नको, नियम मोडणाऱ्याचा तोटा तिथल्या तिथं.

म्हणून परिषदेनं चार मुद्द्यांवर ठराव करावा, अशी माझी सूचना आहे. नेहमीच्या शस्त्रक्रियांचा सगळं धरून एकच दर प्रत्येक रुग्णालयानं मराठीत जाहीर करावा आणि राज्यानं ते सगळे दर एका ठिकाणी बघायला ठेवावेत. फलकावर नसलेली रक्कम बिलात वसूल करता येऊ नये. तातडीच्या उपचारांना दराची मर्यादा असावी. आणि कट प्रॅक्टिसविरोधी कायदा व्हावा.

डॉक्टर मित्रहो, तुम्ही या मांडवात आलात याचं मोल मला मोठं वाटतं. वीज, कर्मचारी, जैविक कचरा, अग्निसुरक्षा या सगळ्यांचा खर्च दहा खाटांच्या दवाखान्याला सोसावा लागतो. तो उघडपणे मांडा, त्यावर वाद घाला, पण हिशोब दोन्ही बाजूंना दिसू दे. लहान दवाखान्याला आणि कॉर्पोरेट रुग्णालयाला एकच माप लावू नये, हे तुमचं म्हणणं ठरावात यावं, असा आमचाही आग्रह राहील.

आता व्यवस्थेचे दोन शब्द. जेवण गावच्या घराघरांतून आलं आहे. मुक्कामाची सोय गावकऱ्यांच्या घरी केली आहे, कुणाला पथ्य असेल तर स्वयंसेवकांना आत्ताच सांगा. मांडवाच्या उजव्या हाताला एक टेबल मांडलं आहे. तिथं बिलं तपासायला आणि तक्रार अर्ज लिहून द्यायला आमची मुलं-मुली संध्याकाळपर्यंत बसतील. सोबत बिल आणलं असेल तर ते तसंच घरी नेऊ नका.

पुन्हा एकदा सर्वांचं स्वागत करतो आणि माननीय अध्यक्षांनी परिषदेची सूत्रं हाती घ्यावीत, अशी विनंती करून थांबतो.

जय हिंद, जय महाराष्ट्र.